हे अंशतः खरे आहे

मराठवाड्यातल्या आमच्या गुलमंडीच्या बाजारात तात्पुरती म्हणून आलेली कोणतीही वस्तू परत गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. दिवाळीपुरती म्हणून टिळक पथावर लागलेली आकाशकंदिलांची गाडी संक्रांतीला तिळगूळ विकते, होळीला पिचकाऱ्या आणि जूनमध्ये छत्र्या. खड्ड्यावर दोन दिवसांसाठी टाकलेला लोखंडी पत्रा चार पावसाळे काढतो, आणि मग लोक पत्ता सांगताना "पत्र्याच्या पुढे डावीकडे" म्हणू लागतात. या मुलखाची सवयच जुनी आहे. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला तो मोहीम उरकून परत जायच्या बोलीवर. पंचवीस वर्षं त्याने छावण्या बदलल्या, १७०७ मध्ये अहमदनगरला मेला आणि खुलताबादेत कायमचा मुक्कामी राहिला. दिल्ली काही पुन्हा दिसली नाही. तेव्हा इथल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेला पत्र्याची शेड "तात्पुरती" म्हणून मिळाली, तर पालकांनी हवालदिल होऊ नये. नातवंडंही त्यातच शिकतील.

जिल्हा परिषदेचं कार्यालय औरंगपुऱ्यात, म्हणजे गुलमंडीच्या कुशीतच. त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळी चहाच्या टपरीशी जे निवृत्त लोक उभे असतात, त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यभर फायली हलवलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्यांनी त्या हलाव्यात म्हणून खेपा घातलेल्या आहेत. दोन्ही गट आता एकाच कपातला अर्धा-अर्धा चहा पितात. त्यात आमचे एक भाऊसाहेब आहेत. कुठल्या कार्यालयातून निवृत्त झाले ते विचारू नका, पेन्शनीचा प्रश्न आहे. त्यांच्यासमोर कुणी नुसतं "तारांकित" म्हटलं, तरी त्यांचा हात सवयीने चष्म्याकडे जातो.

विधिमंडळात आमदार सरकारला जे प्रश्न विचारतात, त्यांतल्या ज्यांच्या डोक्यावर चांदणी असते ते तारांकित. त्यांचं उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून द्यायचं आणि वर उपप्रश्नही झेलायचे. बिनचांदणीचे ते अतारांकित, त्यांना छापील उत्तरावर समाधान मानावं लागतं. गळक्या वर्गखोल्या आणि पत्र्याच्या शेडी हा या चांदणीचा जुना ग्राहक. मुंबईतलं अर्थसंकल्पी अधिवेशन असो, पावसाळी असो की नागपूरचं हिवाळी, यादीत कुठे ना कुठे एखादी शाळा पत्र्याखाली बसलेली सापडतेच.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. मौजे अमुक येथील जिल्हा परिषद शाळेच्या वर्गखोल्या मोडकळीस आल्याने विद्यार्थ्यांना पत्र्याच्या शेडमध्ये बसावे लागत असल्याचे माहे जुलैमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळून आले व त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यातल्या "वा त्यादरम्यान"वर माझा जीव आहे. शेड तिथे इतकी वर्षं उभी आहे की तिच्या खांबावर दोन पिढ्यांनी कर्कटकाने नावं कोरली आहेत. गावाला ती ठाऊक, तालुक्याला ठाऊक, शेजारच्या चिंचेवरच्या वानरांनाही ठाऊक. पण सरकारच्या निदर्शनास ती येते माहे जुलैमध्ये वा त्यादरम्यान.

उत्तराचाही साचा आहे. पहिल्या भागाला "हे अंशतः खरे आहे." मधल्या भागांना प्रस्ताव, अंदाजपत्रक, निधीच्या उपलब्धतेनुसार उचित कार्यवाही. शेवटच्या भागाला "प्रश्न उद्भवत नाही." अगदीच मनावर घेतलं तर "विलंब झालेला नाही." असं एक उत्तर गुलमंडीवरच्या कापड दुकानात देऊन बघा. बाई विचारतात, "भैय्या, रंग पक्का आहे ना?" दुकानदार म्हणतो, "हे अंशतः खरे आहे." "आणि धुतल्यावर उतरला तर?" "प्रश्न उद्भवत नाही." संध्याकाळपर्यंत त्याच्या दुकानाची तात्पुरती शेड होईल.

पण कुणी खोटं बोलतं असं मात्र म्हणायचं नाही. भाऊसाहेबांचं याबाबतीत ठाम मत आहे आणि ते मला पटलं आहे. खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येक जण फक्त एकेक शब्द उचलून बाजूला ठेवतो.

प्रश्न विधानभवनातून निघतो तो मंत्रालयात शालेय शिक्षण विभागात येतो. तिथून पुण्याला संचालनालयात. तिथून विभागीय उपसंचालकांकडे, मग शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि सगळ्यांत खाली मुख्याध्यापक. प्रत्येक पायरीवर त्याच्या कपाळावर "अत्यंत तातडीचे", "विधानसभा कामकाज", "कालमर्यादेत" असे शिक्के वाढत जातात. वरच्या पायऱ्यांवर तो दिवसांच्या हिशेबाने थांबलेला असतो. त्यामुळे खाली पोहोचेपर्यंत मुदत तासांवर येते. शेवटी केंद्रप्रमुखांचा निरोप व्हॉट्सॲपवर पडतो: "सर्व मु.अ., सोबतच्या विहित नमुन्यात माहिती आज दुपारी २ पर्यंत. विलंब झाल्यास व्यक्तिशः जबाबदार. निरंक असल्यास निरंक कळवावे."

त्या वेळी मुख्याध्यापक काय करत असतात? तिसरी आणि चौथी एकत्र घेऊन बसलेले असतात, कारण दोन वर्ग आणि एक शेड. तिसरीला पाढे लिहायला लावून चौथीला शिवरायांची आग्र्याहून सुटका शिकवत असतात. निरोप वाचून ते रेंज शोधत कडुनिंबाखाली जातात. महाराज पेटाऱ्यात बसलेले, ते पेटाऱ्यातच राहतात. शेडमुळे मुलांचं शैक्षणिक नुकसान होतं का, या प्रश्नाचं उत्तर भरता भरता त्या दिवसाचं नुकसान पुरं होतं.

मुख्याध्यापक साधा माणूस. तो लिहितो, "छत पडायला आलं आहे, खाली मुलं बसवायची भीती वाटते, म्हणून शेडमध्ये बसवतो. पाऊस आला की शिकवलेलं ऐकू येत नाही."

केंद्रप्रमुख वाचतात. नमुन्यात भीतीचा रकाना नाही, सबब भीती जाते. "छत नादुरुस्त आहे. मुलांना शेडमध्ये बसवण्यात येते. पावसात अडचण होते."

गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाऊस जातो, कारण पाऊस हा हंगामी आहे. "छताच्या दुरुस्तीची आवश्यकता असून विद्यार्थ्यांची पर्यायी बैठक व्यवस्था करण्यात आली आहे." इथे शेडसुद्धा गेली, बरं का. पत्र्याची, तापणारी, वाजणारी शेड कागदावरून उठली आणि तिच्या जागी पर्यायी बैठक व्यवस्था येऊन बसली. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्याला जोड मिळते, "सबब विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत नाही." पुण्यात आवश्यकता जाऊन "प्रस्तावित" येतं. मुंबईत एवढा सगळा ऐवज कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो आणि तो विचारात पडतो. प्रश्नात म्हटलंय, वर्गखोल्या मोडकळीस आल्या आहेत. माहितीत म्हटलंय, दुरुस्ती प्रस्तावित आहे. म्हणजे छत आहे हे खरं, पण ते पडलेलं नाही. तो प्रामाणिकपणे लिहितो: हे अंशतः खरे आहे.

"मी स्वतः हे वाक्य इतक्या वेळा टाइप केलंय," भाऊसाहेब म्हणाले, "की मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी 'मुलगी पुढं शिकणार म्हणते, खरं का?' असं विचारलं, तर माझ्या तोंडून हेच निघालं."

"मग?"

"जमलं की. जावईसुद्धा सरकारी नोकरीतलाच होता."

दिल्लीला तर याहून वरचा दर्जा. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न, आणि कुणाचा घ्यायचा ते सोडतीने ठरतं. एवढं नशीब काढून मराठवाड्यातल्या खासदाराने पत्र्याच्या वर्गांबद्दल विचारलं, की उत्तराच्या पहिल्याच ओळीत शिक्षण समवर्ती सूचीत असल्याचं कळवतात. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत गेलं. म्हणजे तो विषय दोघांचाही झाला. आमच्या वाड्यात सामाईक नळ आहे, त्यामुळे दोघांचा विषय म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागत नाही. पुढे अ ते ड भागांचं विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं. पटलावर पाऊस पडत नाही, त्यामुळे कागद सुस्थितीत राहतो.

लोकसभेच्या कामकाज नियमांतला ४१ क्रमांकाचा नियम मला फार आवडतो. प्रश्न साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, विशेषणं नकोत आणि उपरोधिक शब्दप्रयोग तर नकोच नको. प्रश्नात उपरोध चालत नाही. उत्तरात चालतो की नाही, याबद्दल तो नियम बोलत नाही.

प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला मिळाला तो १८९२ च्या कौन्सिल कायद्याने, इंग्रजांच्या काळात. पुढच्या वर्षी केंद्रीय कायदेमंडळात पहिला प्रश्न विचारला भिंग्याच्या राजाने, आणि तो होता दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणाऱ्या त्रासाबद्दल. ही माहिती मी टपरीशी सांगितली तेव्हा टपरीवाल्याने पहिल्यांदा संसदीय लोकशाहीत रस घेतला. "म्हणजे साहेबलोक तेव्हाही उधारीवरच?" त्याने विचारलं, आणि भाऊसाहेबांनी निमूटपणे पाकीट काढलं.

आता शेड मुळात उगवते कशी, हेही सांगायला हवं. नाहीतर वाचकाला वाटेल कुणाच्या तरी आळसामुळे उगवते. तसं नाही, ती फार मेहनतीने उगवते. खोली धोकादायक झाली की आत मुलं बसवता येत नाहीत. ठीक. मग ती पाडावी, तर सरकारी मालमत्ता निर्लेखनाशिवाय, म्हणजे दप्तरातून वजा केल्याशिवाय, पाडता येत नाही. निर्लेखनाला प्रस्ताव, अभियंत्याची पाहणी, मूल्यांकन, जिल्हा परिषदेची मंजुरी. मंजुरी मिळाली की जुनी दारं, खिडक्या, सागवानी तुळया यांचा लिलाव. लिलाव झाला, खोली पडली, की नव्या खोलीची मागणी. मग समग्र शिक्षा किंवा जिल्हा नियोजन समितीचा निधी, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यात कुठे मार्चअखेर आडवा आला की निधी परत, आणि मध्येच आचारसंहिता लागली तर देव परत. या सगळ्या काळात मुलं मोठी होत असतात, त्यांना थांबवता येत नाही. म्हणून ग्रामपंचायत, एखादा भला माणूस किंवा गुरुजींच्याच खिशातून पत्रे येतात. शेड उभी राहते. आणि शेड उभी राहिली की निकड संपते, कारण मुलांची पर्यायी बैठक व्यवस्था झालेली असते!

कायदा यात कुठेच कमी पडलेला नाही. १९८७ साली खडू-फळा मोहीम आली, तिने प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या आणि व्हरांडा द्यायचं ठरवलं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, असं त्याचं परिशिष्ट सांगतं, आणि हे निकष पुरे करायला शाळांना तीन वर्षं दिली होती. मुदत २०१३ च्या मार्चअखेरीला संपली. एक गोष्ट कबूल केली पाहिजे, सर्व ऋतू वर्गात येण्याची सोय मात्र शेडमध्ये उत्तम आहे. जूनमध्ये ऊन, जुलैत पाऊस, डिसेंबरात वारं. परिसर अभ्यासाला पुस्तक लागत नाही.

मराठवाड्यात यातही आमचा मान वेगळा. आमच्याकडे निजामकालीन शाळा आहेत. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला गेलं, पण त्याच्या काळातल्या दगड-चुन्याच्या हातभर जाड भिंती काही ठिकाणी अजून उभ्या आहेत. त्यांची दुरुस्ती, पुनर्बांधणी हा सरकारी घोषणांचा नित्याचा विषय. अशा वास्तूत उन्हाळ्यातही गार वाटतं. ती धोकादायक ठरते, तिला कुलूप लागतं, आणि तिच्या सावलीत पत्र्याची शेड टाकून मुलांना सुरक्षित बसवलं जातं. एप्रिलमध्ये पारा चढला की मुलं खिडकीतून त्या कुलपाकडे बघतात. कुलूप मात्र निजामकालीन नसतं. ते दरवर्षी बदलावं लागतं, कारण सागवानी दारावर इतरही लोकांचं लक्ष असतं.

शेडला नावं ठेवताना माझी जीभ एका ठिकाणी अडते. २८ ऑगस्ट २०१७ ला नगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत भर पावसात कोसळलं आणि तीन मुलं गेली. ती पक्की इमारत होती. त्या दिवशी ती मुलं शेडमध्ये बसलेली असती तर घरी गेली असती. तेव्हा पत्रा हा शत्रू नव्हे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, त्या तर मुद्दाम हंगामापुरत्याच. गळीत संपलं, फड उठला, शाळा उठली. तात्पुरतं असावं तर असं, ज्याला आपण कधी संपायचं हे ठाऊक आहे. माझी तक्रार त्या शेडबद्दल आहे, जिच्या कागदावर "तात्पुरती" लिहिलेलं असतं आणि पायाला सिमेंट भरलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडेच, असा न्यूनगंड बाळगायचंही कारण नाही. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर शाळा सोडण्याचं वय चौदावरून पंधरा केलं, १९४७ पासून. एकदम एक वर्ग वाढला. म्हणून देशभर काँक्रीटच्या तयार भागांच्या झोपड्या उभारल्या, होर्सा हट म्हणत त्यांना. थोड्या वर्षांची सोय म्हणून आलेल्या त्यातल्या काही एकविसाव्या शतकातही वापरात होत्या. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीला, शाळा उघडायला चार-दोन दिवस असताना, तिथल्या सरकारने शंभरावर शाळांना हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या इमारती बंद करायला सांगितल्या, आणि मग तात्पुरत्या वर्गांची शोधाशोध सुरू झाली. त्यांच्या संसदेतही प्रश्न पडले: किती वर्ग, किती मुलं, किती दिवस. भाऊसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते सुखावले. "साहेबानेच शिकवलंय आपल्याला," ते म्हणाले, "'निरंक'सुद्धा त्याचंच असणार."

एक दिवस मात्र असा येतो की शेडचं सोनं होतं. तो म्हणजे मतदानाचा. शाळा हेच आपलं मतदान केंद्र, आणि मतदान केंद्राला कोणत्या किमान सुविधा हव्यात हे निवडणूक आयोगाने ठरवून दिलेलं आहे: रॅम्प, पिण्याचं पाणी, वीज, स्वच्छतागृह, सावली. आदल्या दिवशी जीप येते. दुपारपर्यंत रॅम्प होतो. लोंबकळणारा होल्डर सरळ होऊन त्यात दिवा येतो, जार येतो, मांडव येतो. संडासाच्या दाराला कडी लागते. संध्याकाळी मुलं भिंतीआडून हे सगळं बघतात. दुसऱ्या दिवशी शाई लावून लोक घरी जातात, आणि तिसऱ्या दिवशी मांडववाला मांडव आणि दिवा दोन्ही घेऊन जातो. रॅम्प राहतो, तो उचलता येत नाही म्हणून. त्या रॅम्पवरून पोरं वर्षभर टायर सोडतात. निवडून आलेल्या माणसाला पाच वर्षांत कधीतरी, माहे जुलैमध्ये वा त्यादरम्यान, ही शेड निदर्शनास येते.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी पैठणच्या बाजूला अशा एका शेडीत शिकवतात. शनिवारी गुलमंडीवर खडू, नकाशे आणि घरची खरेदी करायला येतात. तारांकितांची माहिती इतक्यांदा भरून झाली आहे की आता ते मुलांसमोरच मोठ्याने वाचून भरतात, तेवढाच मराठीचा तास होतो. परिणाम असा झालाय की चौथीच्या पोरांना शासकीय मराठी अस्खलित येते. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एका पोराला विचारलं, "काय रे, गृहपाठ केलास का?"

पोरगं उभं राहिलं, हाताची घडी घातली. "सर, हे अंशतः खरे आहे."

"अंशतः म्हणजे?"

"केला होता सर. वही इथंच ठेवली होती. रात्री वरून पाणी गळलं."

"मग आता वही कुठंय?"

"कुंपणावर वाळू घातलीय."

"दाखवणार कधी?"

पोराने पत्र्याच्या फटीतून आभाळाकडे पाहिलं. "उन्हाच्या उपलब्धतेनुसार उचित कार्यवाही करण्यात येईल, सर."